सिनॉप्सिस परत आला? टायटलला हात लावण्याआधी दोनशे कमेंट वाचा

वाचकाचे पत्र

मी बी.एस्सी. आयटीच्या वर्गांना शिकवते. पीएच.डी.ची पेट म्हणजे प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क झाला, आणि आता सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, गाडी अडली आहे. माझे टायटल होते 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने समाजमाध्यमांवरील मराठी सायबर बुलिंगचा अभ्यास व प्रतिबंध'. समितीने 'विषय फार व्यापक, रिसर्च गॅप अस्पष्ट, मेथडॉलॉजी त्रोटक' असे तीन शेरे मारून तो परत केला. सहा आठवड्यांत पुन्हा सादर करायचा आहे. डेटा म्हणून यूट्यूबच्या कमेंट घ्यायच्या, लेबलिंग (कोणती कमेंट कशी हे ठरवून खूण करणे) टी.वाय.च्या मुलांकडून प्रॅक्टिकलच्या मार्कांत करून घ्यायचे आणि ९५ टक्क्यांच्या वर अचूकता दाखवायची, असे ठरवले आहे. 'मराठीत यावर काहीच काम झालेले नाही, तेच गॅप म्हणून लिहा,' असे गाईड म्हणतात. सुरुवात नेमकी कुठून करू?

— एक प्राध्यापिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

तीन शेरे वेगवेगळे दिसत असले तरी दुखणे एकच आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये विषय आहे, पण प्रश्न नाही. 'मराठी सायबर बुलिंग' म्हटल्यावर कुणी काय उत्तर द्यायचे? प्रश्न नसला की गॅप, म्हणजे आधीच्या संशोधनात राहिलेली जागा, कशातली हे सांगता येत नाही. मेथडॉलॉजीही कशासाठी ते ठरत नाही, आणि मग 'डेटा गोळा करण्यात येईल व मशीन लर्निंगची विविध तंत्रे वापरण्यात येतील' असली वाक्ये येतात, जी कुठल्याही सिनॉप्सिसमध्ये चालतील. म्हणून टायटलची डागडुजी करत बसू नका. टायटल सगळ्यात शेवटी लिहायचे.

दोन शब्द मात्र आजच काढा. पहिला 'प्रतिबंध'. कमेंट दाखवायची की लपवायची हे यूट्यूबच्या आणि चॅनेलच्या मालकाच्या हातात आहे, तुमच्या नाही. जे तुम्हाला करून दाखवता येणार नाही त्याचा शब्द देऊ नका. दुसरा 'बुलिंग'. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा लक्ष्य करणे, तेही ताकदीच्या जोरावर, याला बुलिंग म्हणतात. एका सुट्या कमेंटवरून ते ठरवता येत नाही आणि तुमच्याकडे असणार आहेत त्या सुट्याच कमेंट. त्यातून ओळखता येईल तो अपमानास्पद मजकूर. तेवढेच म्हणा.

आता सुरुवात. या आठवड्यात दहा व्हिडिओ निवडा: राजकीय बातमी, मालिकेचा प्रोमो, रेसिपी, शेतीचा सल्ला, कीर्तन, क्रिकेट, लावणी, असे जितके वेगळे तितके चांगले. प्रत्येकाखालच्या वीस-वीस कमेंट एका शीटमध्ये घ्या. रकाने असे ठेवा: मजकूर, लिपी, कोणत्या भाषांची सरमिसळ, अपमानास्पद आहे की नाही, कुणाला उद्देशून, आणि तुमची शंका. दोनशे कमेंटना दोन संध्याकाळी पुरतात. हे काम मुलांवर सोपवू नका, स्वतः करा. तुमचा प्रश्न शेवटच्या रकान्यातून निघणार आहे.

काय दिसेल ते सांगतो. पहिली गोष्ट लिपीची. बऱ्याच कमेंट मराठीत असूनही रोमन लिपीत लिहिलेल्या असतील. साधा 'नाही' हा शब्द घ्या. कुणी तो 'एन-ए-एच-आय' लिहितो, कुणी मध्ये एक 'ए' वाढवतो, कुणी नुसते 'एन-ए-आय'. मध्येच इंग्रजी शब्द येतात, हिंदी शिव्या येतात. शिवी देणारे लोक पकडले जाऊ नये म्हणून अक्षरांमध्ये टिंबे आणि फुल्या टाकतात. दुसरी गोष्ट अर्थाची. 'अरे येड्या, काय गायलास रे!' ही दाद आहे, पण 'येडा' शब्द शोधणारे मॉडेल तिला अपमान समजेल. 'नाद खुळा' हे कौतुक, नुसते 'खुळा' हे नव्हे. 'साहेबांना आता भारतरत्नच द्या' यात एकही वाईट शब्द नाही, तरी टोमणा सगळ्यांना कळतो. तिसरी गोष्ट प्रमाणाची. रेसिपीखाली अपमानास्पद कमेंट जवळजवळ नसतील, राजकीय बातमीखाली भरपूर असतील. दोनशेपैकी नेमक्या किती निघाल्या तो आकडा जपून ठेवा, पुढे सगळा हिशोब त्यावर आहे.

या तीनपैकी कुठल्याही गोष्टीवर पीएच.डी. होऊ शकते. टोमण्यांचा विषय मोहक आहे, पण टोमणा कशाला म्हणायचे यावरच माणसांचे एकमत होत नाही, त्यामुळे पहिल्यांदा संशोधन करणाऱ्याने तो टाळलेला बरा. लिपीचा विषय मोजता येण्याजोगा आहे. म्हणून आम्ही तुम्हाला हा प्रश्न सुचवतो: रोमन लिपीतली मराठी कमेंट आधी देवनागरीत आणून मग तपासली तर अपमानास्पद मजकूर जास्त चांगला ओळखू येतो का? की ती आहे तशीच तपासणे बरे? याला उत्तर आहे आणि ते आकड्यात येते. उत्तर 'काही फरक पडत नाही' असे आले तरी तो निष्कर्षच असतो, कारण मग लिप्यंतराचा खटाटोप वाचतो.

आता गाईडच्या वाक्याबद्दल. 'मराठीत काहीच काम झालेले नाही' असे लिहिलेत तर बाहेरून आलेला तज्ज्ञ समितीच्या बैठकीतच फोनवर शोधून पाहील आणि तुमचा सिनॉप्सिस तिथेच संपेल. काम झालेले आहे, आणि बरेचसे पुण्यातच झाले आहे. एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाने २०२२ साली 'महाहेट' हा संच दिला. त्यात २५ हजारांवर मराठी ट्वीट चार वर्गांत विभागलेली आहेत. त्याच गटाचे मराठीवर प्रशिक्षित 'महाबर्ट' मॉडेल आहे. २०२३ मध्ये त्यांनी मराठी-इंग्रजी सरमिसळीचा एक कोटी वाक्यांचा संग्रह, त्यावर प्रशिक्षित 'मीबर्ट' आणि सुमारे १२ हजार ट्वीटचा 'मीहेट' हा लेबल केलेला संच आणला. २०२१ च्या 'हासोक' स्पर्धेत मराठीतला आक्षेपार्ह मजकूर ओळखण्याचे काम होते. गूगलचे 'म्युरिल' मॉडेल मराठीसह १७ भाषांवर, रोमन लिपीतल्या मजकुरासकट, प्रशिक्षित आहे. लिप्यंतराच्या बाजूने आयआयटी मद्रासच्या 'एआय-फॉर-भारत'चे 'इंडिक-एक्सलिट' मॉडेल आणि गूगलचा 'दक्षिणा' संच हाताशी आहेत. हे सगळे तुमचे प्रतिस्पर्धी नाहीत. ती तुमची हत्यारे आहेत, आणि यांतले बरेचसे फुकट उतरवून घेता येते.

गाईडना 'तुमचे चुकले' म्हणायची गरज नाही. पंचवीस-तीस पेपरांचा एक तक्ता करून घेऊन जा. रकाने: वर्ष, डेटा कुठला व किती, लिपी कोणती, किती वर्ग, कोणते मॉडेल, कोणत्या मापाने मोजले, आणि काय तपासले नाही. सगळे पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावे लागत नाहीत. दहा-बारा पूर्ण वाचा, उरलेल्यांचा सारांश, डेटा आणि निकालाचे तक्ते पाहा. भाषा-तंत्रज्ञानाचे पेपर 'एसीएल अँथॉलॉजी'वर मोफत मिळतात. आपल्याकडचे प्रबंध 'शोधगंगा'वर आणि नोंदणी झालेले सिनॉप्सिस 'शोधगंगोत्री'वर असतात. तिथे तुमचा विषय आणखी कुणी घेतला आहे का हे पाहायला विसरू नका. शेवटच्या रकान्यात लिप्यंतराची तुलना खरोखरच रिकामी दिसली तर गॅप अशी लिहा:

'देवनागरी मराठीसाठी आणि रोमन-मिश्रित मराठीसाठी स्वतंत्र डेटासंच व मॉडेल उपलब्ध आहेत. परंतु एकाच मजकुरावर लिप्यंतर करून व न करता केलेल्या वर्गीकरणाची तुलना, आणि लिप्यंतरातील चुकांचा त्यावर होणारा परिणाम, तपासलेल्या अभ्यासांत आढळला नाही.'

'तपासलेल्या अभ्यासांत आढळला नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'जगात कुणी केले नाही' हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. आणि तक्त्यात ती जागा भरलेली निघाली, म्हणजे कुणीतरी नेमके हेच केले असले, तर घाबरू नका. त्यांनी काय सोडले ते पाहा: ट्वीटवर केले असेल पण यूट्यूबवर नाही, किंवा चुका मोजल्या असतील पण त्या कशामुळे होतात ते पाहिले नसेल. प्रश्न तेवढा सरकवा.

मेथडॉलॉजीवर जरा जास्त लिहितो, कारण समिती इथेच बोट ठेवते.

लिप्यंतर म्हटले की ते निर्दोष होणार असे गृहीत धरले जाते. तसे होत नाही. रोमन 'टी'चा त की ट, 'डी'चा द की ड, 'एल'चा ल की ळ, 'एन'चा न की ण, हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. 'वेल' आणि 'वेळ', 'काल' आणि 'काळ' रोमनमध्ये एकच दिसतात. त्याहून वाईट म्हणजे मधले इंग्रजी शब्द: 'टाइम'चे 'तिमे' आणि 'लाइक'चे 'लिके' होऊन बसते. म्हणून तुमच्या प्रयोगात इनपुटचे तीन प्रकार ठेवा. एक, कमेंट आहे तशी. दोन, प्रत्येक शब्द देवनागरीत आणलेला. तीन, आधी शब्दाची भाषा ओळखून फक्त मराठी शब्द देवनागरीत आणलेले आणि इंग्रजी तसेच ठेवलेले.

मॉडेल निवडताना एक सापळा आहे. रोमन मजकूर मीबर्टला दिला, देवनागरी मजकूर महाबर्टला दिला आणि महाबर्टचे गुण जास्त आले, तर श्रेय लिप्यंतराला द्यायचे की मॉडेलला? दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यावर कारण सापडत नाही. म्हणून मुख्य तुलना एकाच मॉडेलवर करा. म्युरिल दोन्ही लिप्या जाणते, त्याला तिन्ही इनपुट द्या. मीबर्ट आणि महाबर्ट आपापल्या लिपीतल्या मजकुरावर जोडीला चालवा. आणि एक साधी पद्धत बेसलाइन, म्हणजे तुलनेचा पाया, म्हणून हवीच: अक्षरांचे तीन-ते-पाचचे तुकडे आणि लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधे सांख्यिकी तंत्र. स्पेलिंगच्या गोंधळात ही जुनी पद्धत आश्चर्य वाटावे इतकी चांगली चालते. मोठे मॉडेल तिच्यापेक्षा सरस नसेल तर ते कळायलाच हवे.

मशीनचा हिशोब सिनॉप्सिसमध्ये द्या, समितीला तो आवडतो. म्युरिलवर तीन इनपुट, शिवाय मीबर्ट आणि महाबर्ट, म्हणजे पाच जोड्या. प्रत्येक जोडी वेगवेगळ्या पाच सीडवर (प्रशिक्षणाची सुरुवात ठरवणाऱ्या यादृच्छिक आकड्यांवर) चालवायची, म्हणजे २५ रन. एका रनला अर्धा तास धरला तर साडेबारा तास. एवढे काम १६ जीबी मेमरीच्या एका जीपीयूवर होते. 'सुपरकॉम्प्युटरची आवश्यकता आहे' असे लिहू नका. एकाच सीडवरचा आकडाही देऊ नका. छोट्या डेटावर नुसता सीड बदलला तरी गुण एक-दोन टक्क्यांनी हलतात, आणि तेवढाच फरक तुम्ही 'सुधारणा' म्हणून दाखवाल.

आता ९५ टक्के. हे उद्दिष्ट खोडाच. समजा तुमच्या दोनशेत वीस कमेंट अपमानास्पद निघाल्या, म्हणजे १० टक्के. 'सगळ्या कमेंट चांगल्या आहेत' असे डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलची अचूकता ९० टक्के येते, आणि त्याने एकही अपमान पकडलेला नसतो. म्हणून माप मॅक्रो एफ-वन ठेवा, त्यात दोन्ही वर्गांना सारखे वजन मिळते. वरच्या डोळे मिटलेल्या मॉडेलला त्यात १ पैकी जेमतेम ०.४७ गुण पडतात. शिवाय अपमानास्पद वर्गाचा रिकॉल, म्हणजे खऱ्या अपमानांपैकी किती पकडले ते प्रमाण, वेगळा द्या. उद्दिष्ट असे लिहा: 'तीन इनपुट-प्रकारांतील मॅक्रो एफ-वनमधील फरक मोजणे व त्याची सांख्यिकीय तपासणी करणे.' किती गुण येतील हे आधी कबूल करायचे नसते. काय मोजणार तेवढे कबूल करायचे.

डेटा किती लागेल, याचे उत्तर 'सुमारे पाच हजार' असे हवेत देऊ नका. १० टक्क्यांचा अंदाज धरा. सहा हजार कमेंट घेतल्या आणि त्यातल्या २० टक्के टेस्टला, म्हणजे शिकवलेल्या मॉडेलच्या परीक्षेला, ठेवल्या, तर टेस्टमध्ये १२०० कमेंट आणि त्यात अपमानास्पद फक्त १२०. रिकॉल ७५ टक्के आला तर त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा ती) अधिक-उणे जवळपास ८ टक्के निघते. दोन पद्धतींत चार टक्क्यांचा फरक दिसला, तर तो खरा की योगायोग हे सांगणे मुश्कील. टेस्ट तीन हजारांची केली, तर अपमानास्पद ३०० मिळतात आणि ती मर्यादा ५ टक्क्यांवर येते. दोन्ही पद्धती त्याच कमेंटवर तपासल्या जात असल्यामुळे मॅकनेमार चाचणी किंवा जोडीचे बूटस्ट्रॅप ही सांख्यिकी तंत्रे वापरता येतात, त्यांनी आणखी बारीक फरक दिसतो. म्हणून सुचवतो: टेस्ट ३,००० आणि ट्रेनिंग ३,०००.

टेस्टमधले प्रमाण जसे निसर्गतः आहे तसेच राहू द्या. ट्रेनिंगमध्ये अपमानास्पद कमेंट वाढवायला हरकत नाही, पण त्या शिव्यांची यादी लावून शोधू नका, नाहीतर मॉडेल तुमची यादीच शिकते. वादग्रस्त विषयांचे व्हिडिओ जास्त घ्या, म्हणजे प्रमाण आपोआप वाढते. आणि ट्रेनिंग-टेस्टची फाळणी व्हिडिओनुसार करा, कमेंटनुसार नको. एकाच व्हिडिओखाली एकच टवाळखोर तीच ओळ चार ठिकाणी चिकटवतो. त्यातली एक ट्रेनिंगमध्ये आणि तीन टेस्टमध्ये गेली की मॉडेलने ओळखली असे वाटते, खरे तर त्याने पाठ केलेली असते. अशा गळतीने फुगलेले निकाल अनेक पेपरांत सापडतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे एक वाक्य दिसले तरी तज्ज्ञाला कळेल की लिहिणाऱ्याने विचार केला आहे.

लेबलिंग. टी.वाय.च्या मुलांकडून प्रॅक्टिकलच्या मार्कांत, हा विचार कृपया सोडून द्या. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याला मूल 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून ती संमती धरता येत नाही. शिवाय तासन्‌तास शिवीगाळ वाचायला लावणे हा त्या मुलांवर भार आहे. तुमच्या हाताखाली नसलेले तीन सज्ञान लोक घ्या, त्यांना तासाप्रमाणे मोबदला द्या, दिवसाला दोनशेच्या वर कमेंट देऊ नका, आणि कधीही थांबायची मुभा लेखी द्या. जमले तर तिघे तीन भागांतले असू द्या. वऱ्हाडात चेष्टेने जे बोलले जाते ते पुण्यात अपमान वाटू शकते.

वेळेचा हिशोब: सहा हजार कमेंट, तीन जण, एका कमेंटला वीस सेकंद. १०० तास झाले. प्रशिक्षण आणि मतभेद मिटवण्याचे तास धरून १३० मांडा. काम सुरू करण्याआधी दीड-दोन पानांची नियमावली लिहा आणि तिच्यात 'येड्या', 'नाद खुळा', 'भारतरत्न' असली खरी उदाहरणे निकालासह द्या. तिघांनी आधी त्याच १५० कमेंट स्वतंत्रपणे लेबल करायच्या, कुठे मतभेद झाले ते बसून पाहायचे, नियम सुधारायचे, मग पुढे जायचे. एकमत नुसत्या टक्केवारीत देऊ नका. दोन जणांचे ९० टक्के कमेंटवर जुळले हे ऐकायला छान वाटते, पण दोघांनीही दहात एकच कमेंट अपमानास्पद धरली असेल तर नुसत्या योगायोगानेच ८२ टक्के जुळते, आणि कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून एकमत मोजणारे माप, भरतो फक्त ०.४४. तिघांसाठी फ्लाइसचा कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा वापरा.

यूट्यूबचा एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. कमेंट मिळवणे सोपे आहे. एपीआयचा (प्रोग्रॅममधून माहिती मागवण्याच्या सोयीचा) रोजचा मूळ कोटा १०,००० युनिटचा, एका मागणीला १ युनिट आणि त्यात शंभरपर्यंत कमेंट येतात. शोधाची मागणी मात्र १०० युनिट खाते, म्हणून व्हिडिओ हाताने निवडा. अडचण साठवण्याची आहे. एपीआयमधून घेतलेली माहिती ३० दिवसांच्या पुढे ठेवायची तर ती ताजी करून घ्यावी लागते, नाहीतर पुसावी लागते. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. म्हणून यूट्यूबच्या संशोधकांसाठीच्या योजनेत तुमच्या संस्थेमार्फत अर्ज करण्याचा बेत सिनॉप्सिसमध्येच लिहा, आणि डेटा प्रकाशित करताना मजकूर न देता कमेंटचे आयडी आणि लेबल देण्याचे ठरवा. परवानगी लांबली तर मीहेटवर तोच प्रयोग करता येईल, हेही लिहून ठेवा. असा पर्यायी रस्ता दाखवलेला असला की 'डेटा मिळाला नाही तर?' या हमखास प्रश्नाची धार जाते. वापरकर्त्यांची नावे आणि चॅनेलचे दुवे पहिल्याच टप्प्यात पुसा. प्रबंधात उदाहरण देताना कमेंट थोडी बदलून द्या, नाहीतर शोधून माणूस सापडतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संशोधनाला अटींसह सवलत आहे, तरी संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज कराच.

लिहिण्याबद्दल थोडेसे. विद्यापीठाचा नमुना असेल तर तोच पाळा. नसेल तर तीन हजार शब्दांत प्रस्तावना ४००, पूर्वीचे संशोधन ८००, गॅप-प्रश्न-उद्दिष्टे ३००, पद्धत १,०००, नैतिकता व मर्यादा २५०, वेळापत्रक २५० अशी वाटणी ठेवा. परत आलेल्या सिनॉप्सिसमध्ये सहसा उलटे असते: समाजमाध्यमांच्या महतीवर दोन पाने आणि पद्धतीवर अर्धे. उद्दिष्टे तीनच लिहा, चार झाली तर एक नक्कीच उपरे असते. 'अभ्यास करणे' हे क्रियापद वापरू नका, 'मोजणे', 'तुलना करणे', 'वर्गवारी करणे' वापरा. तिसरे उद्दिष्ट चुकांचे ठेवा: मॉडेलने चुकवलेल्या ३०० कमेंट हाताने वाचून चूक लिप्यंतराची, टोमण्याची, की लेबलचीच, अशी विभागणी करणे. प्रबंधातला सगळ्यात वाचनीय भाग तोच होईल.

वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण पेपरांच्या सारांशातली वाक्ये शब्द बदलून उचलायचा मोह टाळा. चॅटबॉटकडून संदर्भ मागवू नका. तो खऱ्यासारखे दिसणारे, पण अस्तित्वातच नसलेले पेपर देतो. यादीतला प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून तपासा, आणि जो उघडत नाही तो काढा.

वेळापत्रकात यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे, कमाल सहा, ही चौकट धरा आणि सहा-सहा महिन्यांचे टप्पे पाडा. तुम्ही शिकवता, तेव्हा परीक्षा आणि पेपर तपासणीचे महिने रिकामे सोडा. ते भरलेले दाखवले की वेळापत्रक खोटे आहे हे समितीतल्या प्रत्येक प्राध्यापकाला कळते.

सहा आठवडे असे लावा. पहिल्यात दोनशे कमेंट. दुसऱ्या-तिसऱ्यात पेपरांचा तक्ता, आणि तो घेऊन गाईडची भेट. चौथ्यात १५० कमेंट तिघांकडून लेबल करून घ्या, कप्पा काढा आणि बेसलाइन एकदा चालवून पाहा. एवढ्याशा डेटावरचे गुण सिनॉप्सिसमध्ये देऊ नका, कप्पा आणि अपमानास्पद कमेंटचे प्रमाण तेवढे द्या. पाचव्यात लेखन. सहाव्यात सादरीकरण: दहा स्लाइड, आणि दुसऱ्याच स्लाइडवर एक रोमन कमेंट आणि तिचे यंत्राने केलेले देवनागरी रूप शेजारी शेजारी. 'तिमे' आणि 'लिके' पाहिले की प्रश्न काय आहे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

टायटल आता लिहा: 'यूट्यूबवरील रोमन लिपीतील मराठी प्रतिक्रियांमधील अपमानास्पद मजकुराचे वर्गीकरण: लिप्यंतरासह व लिप्यंतराविना पद्धतींची तुलना'. लांब आहे, पण त्यात डेटा, काम आणि तुलना तिन्ही आले. सादर करण्याआधी अर्जावरचे, मुखपृष्ठावरचे आणि गाईडच्या संमतिपत्रावरचे शीर्षक अक्षरन्‌अक्षर एकच आहे ना, हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. नोंदणी झाल्यावर एक शब्द बदलायचा तरी बहुतेक विद्यापीठांत पुन्हा समितीपुढे जावे लागते.